तो सगळं करतो, पण बोलत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला सात वर्षं झाली, पाच वर्षांची मुलगी आहे, दोघंही नोकरी करता, सासूबाई सोबत राहतात. तुम्ही लिहिता: ‘नवरा वाईट नाही. माझ्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवतो, विम्याचे हप्ते बघतो, माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस रजा काढून आला. पण तू मला आवडतेस, असं सात वर्षांत एकदाही स्वतःहून म्हणाला नाही. मोबाइलवर “प्रेमाच्या पाच भाषां”ची चाचणी त्याला सोडवायला दिली, तर त्यावरून मोठं भांडण झालं आणि आठ दिवस तो धड बोलला नाही. बाबाही तसेच. साताऱ्याहून दर रविवारी फोन करतात आणि विचारतात, गाडीची सर्व्हिसिंग केलीस का. मला कुणाचंच प्रेम जाणवत नाही. माझंच काही चुकतंय का?’

तुमचं चुकत नाही, हे आधी सांगते. प्रेम न जाणवणं ही खरी वेदना आहे. ‘एवढं करतो तरी तुझं समाधान नाही’ असं कुणी तुम्हाला म्हणालं असेल तर ते मनावर घेऊ नका. घरात धान्याची पोती आहेत असं सांगून भुकेल्या माणसाची भूक भागत नाही. पण तुमच्या पत्रावरून पोती रिकामी आहेत असंही मला दिसत नाही. गेली २४ वर्षं मी विवाह आणि कुटुंब समुपदेशन करते, आधी सांगलीत आणि आता पुण्यात. प्रेम खरोखर संपलेली जोडपीही माझ्यासमोर बसली आहेत. त्यांच्यापेक्षा जास्त पाहिली ती अशी, की एकाने पाठवलेलं दुसऱ्यापर्यंत पोचतच नव्हतं, आणि पाठवणाराही पाठवून पाठवून थकला होता.

आपल्या भाषेतला एक शब्द मी जवळजवळ प्रत्येक जोडप्याला उलगडून दाखवते. काळजी. काळजी घेतात आणि काळजी करतातही. घेणं म्हणजे तापात कपाळावर हात ठेवणं, डबा भरणं, गोळीची वेळ लक्षात ठेवणं. करणं म्हणजे जिवाला घोर लावून घेणं. शब्द एकच, त्यामुळे आपल्या घरांत दोन्हींची गल्लत होते, आणि ज्याला काळजी घ्यायची असते तो काळजी करून थांबतो. ‘उशीर का झाला?’ ‘फोन का उचलला नाहीस?’ ‘एवढ्या पावसात स्कूटर नेलीसच कशाला?’ विचारणाऱ्याच्या पोटात त्या वेळी गोळा आलेला असतो. ऐकणाऱ्याला उलटतपासणी ऐकू येते. मग तो तुटक उत्तर देतो आणि विचारणाऱ्याला वाटतं, माझ्या जिवाची काही किंमतच नाही. पाच मिनिटांत दोन माणसं दुखावतात आणि दोघांच्याही मनात त्या क्षणी एकमेकांबद्दल मायाच असते.

यावर मी लोकांना एकच गोष्ट करायला लावते: जाब विचारायच्या आधीचं वाक्य मोठ्याने म्हणा. ते बहुधा ‘मी घाबरले होते’ किंवा ‘मी घाबरलो होतो’ असं असतं. ते आधी आलं की मागून येणाऱ्या प्रश्नाची धार जाते. म्हणायला मात्र फार जड असतं ते. एका निवृत्त मुख्याध्यापकांना आपल्या नोकरी करणाऱ्या मुलीला ते म्हणायला तीन भेटी लागल्या. तिसऱ्या भेटीतही ते तिच्याकडे न बघता, खिडकीकडे बघून म्हणाले. मुलीला तेवढं पुरलं.

तुमच्या बाबांचं ‘सर्व्हिसिंग केलीस का’ याच जातीचं आहे. ब्रेक नीट लागावेत, लेक संध्याकाळी सुखरूप घरी यावी, असा तो प्रश्न आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत मुलं आईला ‘ए आई’ म्हणतात आणि वडिलांना ‘अहो बाबा’. त्या ‘अहो’मध्ये आदर आहे आणि अंतरही आहे. मग बाप त्या अंतरावरूनच बोलतो, गाडी, बँक, तिकीट, गॅसचा नंबर अशा वस्तूंच्या आडून. त्यातून तोंडावर कौतुक केलं तर पोरं शेफारतात, दृष्ट लागते, अशा समजुतीत वाढलेली ही पिढी. लेकीच्या बढतीचे पेढे गल्लीभर वाटतील आणि लेकीला म्हणतील, ‘आता जबाबदारी वाढली.’ पुढच्या वेळी साताऱ्याला गेलात की बाबांच्या जुन्या शेजाऱ्यांना विचारा, ते तुमच्याबद्दल काय बोलत असतात. मी हे बऱ्याच जणींना करायला सांगितलं आहे, आणि पुष्कळशा जणी डोळे भरून परत आल्या आहेत.

माझे वडील असेच होते. मी वसतिगृहात राहायचे तेव्हा प्रत्येक सुट्टीनंतर मला स्टँडवर सोडायला यायचे. एसटी फलाटाला लागायच्या आत धावत जायचे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. मी बसले की खाली खिडकीशी उभे. गाडी सुटेपर्यंत एक शब्द नाही, सुटताना फक्त ‘पोचल्यावर पत्र टाक.’ शेजारच्या मुलीचे वडील तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे ते मी बघत राहायचे. त्या रुमालाचा अर्थ मला तिशी उलटल्यावर लागला. अर्थ लागला म्हणून मधली वर्षं भरून आली असं मात्र झालं नाही, आणि म्हणूनच तुमचं पत्र मला हलकं वाटत नाही.

आता त्या चाचणीबद्दल. प्रेमाच्या पाच भाषांची कल्पना अमेरिकेतले पाद्री आणि समुपदेशक गॅरी चॅपमन यांनी १९९२ मध्ये मांडली: कौतुकाचे शब्द, एकमेकांसाठी राखलेला वेळ, भेटवस्तू, एकमेकांसाठी केलेली कामं आणि स्पर्श. तिचा उपयोग होतो. ‘त्याचं माझ्यावर प्रेमच नाही’ इथून ‘त्याची रीत वेगळी आहे’ इथवर ती माणसाला आणते. सुरुवातीची काही वर्षं मीही ती भरपूर वापरली. पण प्रत्येकाची एकच मुख्य भाषा असते आणि जोडीदाराने ती बोलली की संसार सुखाचा होतो, या म्हणण्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही. २०२४ मध्ये एमिली इम्पेट आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. पाचातून एक निवडायची सक्ती केली नाही तर लोक पाचही गोष्टींना वरचे गुण देतात, असं त्यात दिसतं. भाषेऐवजी त्यांनी आहाराची उपमा सुचवली आहे, आपण ज्याला चौरस आहार म्हणतो तसा. मला ती जास्त पटते. रोज वरण-भात पोटभर मिळतो म्हणून माणसाला भाजी नकोशी होत नाही. तुम्हाला कामं मिळतात, शब्द मिळत नाहीत. शब्द मागण्यात हावरेपणा नाही.

तरीही ती चाचणी त्याच्या बाजूने एकदा बघा. सात वर्षं तो पेट्रोल भरतोय, हप्ते भरतोय, रजा काढतोय, आणि आपण बरा नवरा आहोत अशी त्याची समजूत आहे. एका रात्री त्याच्या हातात प्रश्नपत्रिका आली. तुम्ही म्हणत होतात ‘मला तू हवा आहेस’. त्याला ऐकू आलं ‘तू नापास झालास’. त्यानंतरचा आठ दिवसांचा अबोला मला शिक्षा वाटत नाही, त्यामागे त्याची लाज दिसते. अबोल्याने तुम्हाला त्रास झाला नाही असं मी म्हणत नाही. अबोला हा आपल्या घरांतला सगळ्यात क्रूर प्रकार आहे, कारण त्यात दुसऱ्याला काहीच दुरुस्त करता येत नाही. एक पाठपुरावा करतो, दुसरा माघार घेतो, मग पहिला अजून जोरात पाठीस लागतो आणि दुसरा अजून आत जातो. हे चक्र जगभरच्या जोडप्यांत नोंदलेलं आहे, आणि ते सुरू कुणी केलं हे शोधण्यात मी कधीच वेळ घालवत नाही.

त्याऐवजी एक काम देते. मराठीत आपण हाक मारतो आणि हाकेला ओ देतो. संसार मला तरी या हाक आणि ओ यांचाच बनलेला दिसतो. हाक म्हणजे नाव घेऊन मारलेली हाकच पाहिजे असं नाही. ‘समोरच्या गॅलरीत बुलबुलने घरटं केलंय बघ.’ ‘आज ऑफिसात डोकं उठलं.’ ‘हे गाणं आपण कुठे ऐकलं होतं गं?’ या सगळ्या हाका आहेत. नुसतं ‘हं?’ म्हणून मान वर केली तरी ओ दिली गेली. मोबाइलमधून डोकं वर निघालं नाही, तर हाक विरून गेली. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. संसार टिकलेल्यांनी पूर्वीच्या निरीक्षणात एकमेकांच्या हाकांना ८६ टक्के वेळा ओ दिली होती, वेगळे झालेल्यांनी ३३ टक्के वेळा. सासू-सासरे, दीर-जावा आणि पाहुणे असलेल्या आपल्या घरांना ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ओ न मिळणारं माणूस हळूहळू हाक मारायचं सोडून देतं, हे मी इथेही वर्षानुवर्षं बघते आहे.

तर एक आठवडा, त्याला न सांगता, त्याच्या हाका मोजा. फक्त मोजा. मनातल्या मनात हिशेब ठेवला तरी चालेल. काही जणींना आठवड्याअखेर कळतं की हाका येत होत्या, पण त्या नेमक्या कुकरच्या शिट्ट्या आणि मुलीच्या गृहपाठाच्या मधे येत होत्या. काही जणींना कळतं की हाक येतच नाही. तुमचं काय निघतं त्यावर पुढची दिशा ठरेल, म्हणून आधीच निष्कर्ष काढू नका.

मिरजेकडच्या एका जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून. दोघंही साठीच्या पुढे, मुलाने आग्रहाने आणलं होतं. तक्रार विचारली तर काका म्हणाले, ‘तीस वर्षं मी एकटा जेवलो.’ काकूंना काही कळेना. रोज रात्री ते ताटावर बसले की त्या चुलीपाशी, नंतर गॅसपाशी, एकेक भाकरी करून तव्यावरून थेट ताटात वाढत. टम्म फुगलेली, गरम. त्यांच्या लेखी याच्यापेक्षा मोठं प्रेम नव्हतं, त्यांच्या आईनेही तेच केलं होतं. आणि काकूंचं दुखणं असं, की इतक्या भाकऱ्या खाऊन हा माणूस एकदाही ‘छान झाली’ म्हणाला नाही. काका म्हणाले, ‘पाठमोऱ्या बाईला काय सांगायचं?’ यावर मी काही विश्लेषण केलं नाही. सगळ्या भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि दोघांनी एकदम बसायचं, एवढंच ठरलं. पहिला आठवडा दोघांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी टीव्ही लावला. पुढच्या भेटीत काकूंनी सांगितलं की भाकरी निवते, त्यांना ते अजून खपत नाही, पण बसतात. काका ‘छान झाली’ म्हणतात का, हे मी विचारलं. ‘दूध-गूळ माझ्याकडे सरकवतात,’ त्या म्हणाल्या.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती कदाचित तुमच्याही लक्षात आली नसेल. नवऱ्याची तीन कामं तुम्ही नावानिशी मोजलीत. स्वतःचं एकही लिहिलं नाहीत. सासूबाईंच्या गोळ्या कोण बघतं? मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर कोण असतं? २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि पुरुषांपैकी जे करतात त्यांचा ९७ मिनिटं. बाईने केलं ते कर्तव्य, पुरुषाने केलं ते प्रेम, असा हिशेब आपल्या घरांत बेमालूम चालतो. तुम्ही शब्दांच्या भुकेबद्दल बोलताय, पण त्या भुकेत थकवा किती मिसळला आहे हे एकदा तपासा. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळून रात्री दहाला गादीवर पडलेल्या बाईला कुणी गोड बोललं तरी ते आत उतरत नाही. काही घरांत प्रेमाचा प्रश्न म्हणून आलेली गोष्ट भांडी कोण घासणार हे ठरल्यावर अर्धी सुटली आहे. हे मी गमतीत म्हणत नाहीये.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, म्हणून मीही एवढंच म्हणते: घरात वडीलधारं माणूस असलं की पुष्कळ नवरे बायकोशी हसून बोलायलाही संकोचतात. तुमच्याकडे तसं असेल तर दिवसातला थोडा वेळ घराबाहेर काढावा लागेल, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत का होईना.

बोलणंही तिथेच करा, चालता चालता. समोरासमोर बसवून ‘आपल्याला बोलायचंय’ म्हटलं की या स्वभावाचे पुरुष आतून बंद होतात. शेजारी शेजारी, नजर रस्त्यावर असताना, ते जास्त बोलतात. सुरुवात तक्रारीने नको आणि नुसत्या आभारानेही नको. ‘थँक्यू’ म्हटलं की आपल्याकडे माणूस परकं झाल्यासारखं वाटतं, ‘आपल्यात कसले आभार’ म्हणून तो विषय झटकून टाकेल. घडलेलं सांगा आणि त्याने तुमचं काय झालं ते सांगा. ‘आईला आत नेलं तेव्हा तू बाहेर बाकावर होतास. मला एकटं वाटलं नाही.’ मग लगेच तुमची गरज, लहान आणि नेमकी. ‘तुझ्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटतं. मला त्याची गरज आहे.’ ‘तू कधीच’, ‘तू नेहमी’ हे शब्द त्या दिवशी घरी ठेवून या. तो चिडला किंवा गप्प झाला तर विषय किमान वीस मिनिटं सोडा, छातीतली धडधड बसायला तेवढा वेळ लागतोच. पण परत कधी बोलायचं ते ठरवूनच सोडा, नाहीतर विश्रांतीचा पुन्हा अबोला होतो.

तो काय म्हणेल याची वाक्यं तुम्ही ठरवून ठेवू नका. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे मराठीत अनेकांच्या तोंडी नाटकी वाटतं, म्हणून तर तरुण मंडळीही इंग्रजीत म्हणून मोकळी होतात. पण आपल्याकडे ‘करमत नाही’ आहे. तुम्ही माहेरी गेलात आणि त्याने फोनवर ‘घरात करमत नाहीये’ म्हटलं, तर ते पूर्ण वाक्य आहे, त्याला पुढे काही जोडायची गरज नाही. ‘तू होतीस म्हणून झालं’, ‘आज बरी दिसतेस’, ‘जेवलीस का?’ यातलं जे येईल ते घ्या. ‘एवढंच?’ असं म्हणू नका. पहिल्यांदा बोलणारा माणूस अडखळत बोलतो, आणि त्या वेळी हसू झालं तर पुन्हा कित्येक वर्षं बोलत नाही.

आता दोन गोष्टी, ज्यांना मी गैरसमज म्हणणार नाही. तुमच्या पत्रात त्यांची खूण नाही, पण हे उत्तर इतरही वाचतील. मोबाइलचा पासवर्ड मागणं, नोकरी सोडायला लावणं, माहेरी जाऊ न देणं, पगाराचं कार्ड ताब्यात ठेवणं, हात उगारणं आणि वर ‘जीव आहे म्हणूनच करतो’ म्हणणं, याला प्रेमाची वेगळी रीत समजून घेत बसू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मारहाणीसोबत शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही येतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलता येतं. अशा घरात मी सांगितलेल्या हाका मोजण्याचा काही उपयोग नाही, आधी सुरक्षित जागा हवी. दुसरी गोष्ट: जो माणूस पूर्वी बोलायचा, हसायचा, आणि गेल्या काही महिन्यांत गप्प झाला, झोप उडाली, जेवण कमी झालं, कशातच रस राहिला नाही, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ प्रेम आटलं असा लावू नका. ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांकडे न्या, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीतही बोलतात.

तुमचा नवरा पहिल्यापासूनच अबोल आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. मग सहा आठवडे द्या. एक आठवडा मोजण्याचा, बाकीचे चालण्याचे. तेवढ्यात तो एक पाऊलही पुढे आला नाही, तर दोघं मिळून कुणा समुपदेशकाकडे जा, आणि तो नाहीच म्हणाला तर तुम्ही एकट्या जा. एका माणसाने आपली चाल बदलली तरी चक्राचा वेग बदलतो. आणि त्याने खरंच काही दिलं नाही असं निघालं, तर तेही स्पष्ट दिसलेलं बरं. अंदाजावर झुरण्यापेक्षा त्यावर निर्णय घेता येतो.

तोवर रविवार येईलच. बाबांचा फोन आला की ‘हो, केली’ म्हणून विषय संपवू नका. काय काय बदललं ते सांगा, ऑइल, ब्रेक शू, बिल किती झालं. मेकॅनिकने जास्त लावले असतील तर तेही सांगा, ते चिडतील, चिडू द्या. मग विचारा, तुमची पहिली गाडी कोणती होती बाबा, आणि ती चालवायला तुम्हाला कुणी शिकवलं? पलीकडे थोडा वेळ शांतता होईल. आईकडे फोन द्या, असं लगेच म्हणू नका.